'सिस्टर' म्हणजे कोण? परिचर्येचा पेशा आणि आपल्या मनातला लिंगभाव

हॉस्पिटलच्या वॉर्डात लोक एकमेकांना कशी हाक मारतात, ते एकदा लक्ष देऊन ऐका. डॉक्टर असतील तर 'सर' किंवा 'मॅडम'. नर्स असेल तर 'सिस्टर'. पुरुष नर्स असेल तर 'ब्रदर'. बेडपॅन देणारी, झाडलोट करणारी बाई 'मावशी' आणि स्ट्रेचर ढकलणारा 'मामा'. आपल्या सुरतेत त्यात गुजरातीची भर पडते. 'सिस्टर'च्या जोडीला 'बेन' आणि 'मावशी'च्या जागी 'मासी'. म्हणजे एकाच वॉर्डात डॉक्टर तेवढे हुद्द्याने ओळखले जातात आणि बाकीचे सगळे नात्याने.

यात वाईट काय, असं कोणी म्हणेल. नात्याची हाक तर प्रेमाची असते. खरं आहे. पण 'सरां'ना फी द्यावी लागते हे कोणाला सांगावं लागत नाही, आणि बहिणीला पगार किती मिळतो हे मात्र कोणी विचारत नाही. नात्यातल्या माणसाच्या कामाचा हिशेब करायचा नसतो, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो. एका हाकेत एवढं सगळं दडलेलं असतं.

आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत. शब्दांपासून सुरुवात करणं आपल्याला सोयीचं आहे. म्हणून या अभ्यासलेखात शब्दांपासून सुरुवात करून तीन प्रश्नांकडे जायचं आहे: नर्सिंग हे 'बायकांचं काम' कधी आणि कसं झालं? या समजुतीमुळे बायकांचं आणि पुरुषांचं काय नुकसान होतं? आणि आपण, विशेषतः ख्रिस्ती समाजातली तरुण मुलं-मुली, यात कुठे उभे आहोत?

१. व्याकरण काय सांगतं

मराठीत 'डॉक्टर आले' म्हटलं की समोर पुरुष येतो. स्त्री असेल तर आपण मुद्दाम 'लेडी डॉक्टर' किंवा 'महिला डॉक्टर' म्हणतो. नर्सच्या बाबतीत बरोबर उलट. 'नर्स आली' हेच नैसर्गिक वाटतं. पुरुष असेल तर 'मेल नर्स' म्हणावं लागतं. वर्तमानपत्रं 'परिचारिका' लिहितात, आणि पुरुषाविषयी लिहायचं झालं तर 'पुरुष परिचारक' असा दुहेरी खुलासा करतात. 'परिचारक' हा शब्द पुल्लिंगीच आहे, तरी त्याच्यापुढे 'पुरुष' लावावासा वाटतो! आपल्या कानाला तो शब्द एकटा पुरेसा वाटत नाही.

जिथे विशेषण जोडावं लागतं, तिथे तो माणूस 'बाहेरचा' आहे असं भाषा मानते. 'लेडी डॉक्टर' आणि 'मेल नर्स' हे शब्द एकाच आरशाच्या दोन बाजू आहेत. ज्ञान आणि निर्णय पुरुषाकडे, सेवा आणि माया बाईकडे, अशी ती वाटणी आहे.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या रुग्णालयांत 'स्टाफ नर्स' या पदाचं नाव बदलून 'नर्सिंग ऑफिसर' केलं. काहींना हा नुसता पाटी बदलण्याचा प्रकार वाटला. पण 'ऑफिसर' या शब्दाला लिंग नाही आणि नातंही नाही, तो हुद्दा आहे. त्यामुळे ही पाटी मला तरी छोटी गोष्ट वाटत नाही.

२. विसरलेले पुरुष

'शुश्रूषा हा बाईचा स्वभावधर्म आहे' असं म्हणणाऱ्यांना आपली जुनी परंपराच उत्तर देते. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे चार गुणही दिले आहेत: उपचाराचं ज्ञान, कामातली दक्षता, रोग्याविषयी आपुलकी आणि स्वच्छता. यात आपुलकी आहे, पण ती चारांपैकी एक आहे, आणि ज्ञान पहिलं आहे. तो परिचारक बाईच असावा असंही तिथे म्हटलेलं नाही.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी आपण लहानपणापासून कॅटेकिझमच्या वर्गात ऐकत आलो. तो काय करतो, ते पायरीपायरीने पाहा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि त्याची काळजी घेतो. हे अथपासून इतिपर्यंत नर्सिंग आहे, आणि करणारा पुरुष आहे. गोष्ट तिथेच संपत नाही. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन असंही सांगतो. पुढची काळजी दुसऱ्याने घ्यायची आहे, तर तिचे पैसे द्यायला हवेत, हे त्या शोमरोन्याला कळत होतं. प्रवचनात तेलाचा आणि पट्टीचा भाग आपण नेहमी ऐकतो, पण त्या दोन नाण्यांवर कोणी फार वेळ थांबत नाही.

चर्चने परिचर्या करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून ज्यांना मान दिला, त्यांतले दोन ठळक संत पुरुष आहेत. पोर्तुगालमध्ये जन्मलेले आणि स्पेनमधल्या ग्रानाडा शहरात रुग्णसेवा करणारे संत जॉन ऑफ गॉड (१४९५–१५५०), आणि इटलीतले संत कॅमिलस (१५५०–१६१४). कॅमिलस आधी सैनिक होते, जुगारी होते. पायाची जखम बरी होईना म्हणून रोमच्या हॉस्पिटलात गेले, तिथली रुग्णांची हालत पाहिली आणि पुढे रुग्णसेवेसाठी पुरुषांचा संघच काढला. १५८६ मध्ये त्यांच्या माणसांना झग्यावर लाल क्रूस लावायची परवानगी पोपकडून मिळाली. कॅमिलस आपल्या सोबत्यांना सांगत, की आई आपल्या आजारी एकुलत्या एका लेकराची काळजी घेते तशी रुग्णाची घ्या. उपमा आईची आहे, पण अपेक्षा पुरुषांकडून आहे. माया ही शिकता येणारी, अंगी बाणवता येणारी गोष्ट आहे, हे चारशे वर्षांपूर्वीच्या एका दाढीवाल्या सैनिकाला मान्य होतं.

३. मग हे 'बायकांचं काम' झालं कसं?

आधुनिक नर्सिंगची सुरुवात आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून मानतो. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांची नर्सिंग शाळा सुरू झाली. त्यांचं काम मोठं आहे. आकडेवारी, स्वच्छता, हॉस्पिटलची रचना या सगळ्यांत त्यांनी क्रांती केली. पण त्यांच्या लिखाणात प्रत्येक स्त्री ही कधी ना कधी परिचारिका असतेच, असा विचार येतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मध्यमवर्गीय मुलीला घराबाहेर पडून सन्मानाने कमवायला जागाच नव्हती, आणि या विचाराने ती जागा मिळाली. पण त्याच विचाराने दार एका बाजूने बंद केलं. ब्रिटनमध्ये १९४९ पर्यंत पुरुष नर्सेसची नोंद वेगळ्या यादीत होत असे, आणि तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुरुषांना सदस्य करून घेतलं ते १९६० मध्ये.

भारतात गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली, कारण इथे लिंगाबरोबर जात आली. रक्त, मलमूत्र, बाळंतपणाचा विटाळ, परपुरुषाचा स्पर्श, रात्रपाळी. 'चांगल्या घरच्या' मुलीने यातलं काहीही करायचं नाही, असा दंडक होता. सुईणीचं काम बहुतेक ठिकाणी ज्यांना समाज खालचं मानायचा त्या जातींतल्या बायका करत. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड स्थापन झाला आणि स्त्री डॉक्टर, प्रशिक्षित नर्स आणि सुईणी तयार करायचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा पुढे कोण आलं? मुख्यतः ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि यहुदी मुली. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये काढलेल्या मिशन हॉस्पिटलसारख्या संस्थांनी नर्सिंगचं शिक्षण उभं केलं. आजही 'नर्स म्हणजे ख्रिश्चन, बहुतेक केरळची' असं लोक सहज बोलून जातात, त्याची मुळं इथे आहेत. ज्या कामाला इतरांनी विटाळ म्हटलं, ते आपल्या आज्या-पणज्यांनी उचललं. याचा अभिमान असायलाच हवा. पण 'तुमच्यातल्या मुली करतातच ना हे काम' या वाक्यातला सूर नेहमी आदराचाच असतो असं नाही, हेही ओळखायला हवं.

मराठी समाजात हा दंडक मोडायचा प्रयत्न झालाच नाही असं मुळीच नाही. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवा आणि गरजू स्त्रियांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट दाखवली, तेव्हा सनातनी मंडळींची टीका झेलली. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. आपण त्यांना शिक्षिका म्हणून ओळखतो. त्यांचं शेवटचं काम मात्र परिचर्येचं होतं.

आणि आपल्या सुरतेचं काय? या शहराशी एका मराठी स्त्रीचं मोठं नातं आहे. डॉ. रखमाबाई. बालपणी लावलेलं लग्न नाकारून नवऱ्याच्या घरी जायला नकार देणाऱ्या, त्यासाठी १८८४ पासून कोर्टात लढणाऱ्या, आणि तुरुंगात जायची तयारी ठेवणाऱ्या रखमाबाई. लंडनला डॉक्टर होऊन त्या परत आल्या आणि १८९५ पासून वीसेक वर्षं सुरतेत स्त्रियांच्या दवाखान्याच्या प्रमुख होत्या. प्लेगच्या काळातही त्यांनी इथे काम केलं. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट आहे. पण त्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली रात्रपाळ्या करणाऱ्या नर्स आणि दाया कोण होत्या? त्यांची नावं आपल्या कोणाच्याच तोंडी नाहीत. डॉक्टर झालेल्या स्त्रीला इतिहासात जागा मिळाली, कारण ती पुरुषांच्या क्षेत्रात शिरली. बायकांच्याच समजल्या गेलेल्या क्षेत्रात राहिलेल्या स्त्रियांच्या वाट्याला ती जागा आली नाही.

४. आपल्याच घरातलं बंद दार

इथे एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे सांगायला हवी. चर्चने हॉस्पिटलं उभारली, धर्मभगिनींनी त्यांत आयुष्यं घालवली. पण कित्येक वर्षं धर्मभगिनींना डॉक्टर म्हणून काम करायला आणि बाळंतपणं करायला चर्चच्या नियमांची आडकाठी होती. 'शुद्धतेचं व्रत घेतलेल्या बाईने हे काम कसं करावं?' असा तो विचार. मेलबर्नच्या डॉ. मेरी ग्लौरी १९२० मध्ये भारतात आल्या, गुंटूरला धर्मभगिनी म्हणून राहिल्या, आणि त्यांना डॉक्टरी करण्यासाठी खास पोपची परवानगी घ्यावी लागली. पुढे १९४३ मध्ये त्यांनीच भारतातल्या कॅथलिक हॉस्पिटलांची संघटना सुरू केली. ऑस्ट्रियाच्या डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्सची सुरुवात केली आणि या नियमाविरुद्ध चिकाटीने बाजू मांडली. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून सूचनापत्र निघालं आणि मिशनमधल्या धर्मभगिनींना वैद्यकी आणि प्रसूतीचं काम करायची मोकळीक मिळाली.

सिस्टरने पट्टी बांधलेली चालते, पण सिस्टरने शस्त्रक्रिया केलेली चालत नाही, हा नियम ईश्वराचा नव्हता. तो माणसांनी केला होता, म्हणूनच तो माणसांना बदलता आला.

५. एकाच नियमाची दोन टोकं

आता आजच्या काळाकडे. लष्करातली नर्सिंग सेवा, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, १९४३ च्या वटहुकमावर चालते. त्यानुसार या सेवेत अधिकारी म्हणून फक्त स्त्रियांना घेतलं जातं. पुरुष नर्स कितीही शिकलेला असो, त्याला हे दार उघडत नाही. वरकरणी हा स्त्रियांचा फायदा वाटतो.

पण याच सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांची गोष्ट बघा. त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, आणि १९८८ मध्ये त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आलं. लग्न केलं म्हणून. हा नियम नर्सिंग अधिकारी असलेल्या स्त्रियांनाच लागू होता. १९७७ चा तो नियम पुढे १९९५ मध्ये मागे घेतला गेला. सेलिना जॉन यांची लढाई मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात संपली. लग्नाच्या कारणावरून स्त्रीला नोकरीतून काढणं हा उघड लिंगभेद आहे, असं कोर्टाने सांगितलं आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर ३५ वर्षं गेली होती.

ही दोन टोकं जोडून पाहा. नर्स ही बाईच असावी, आणि नर्स झालेल्या बाईला स्वतःचा संसार नसावा. एका टोकाला पुरुष बाहेर राहतो, दुसऱ्या टोकाला बाई बाहेर पडते. नियमाच्या मुळाशी कल्पना एकच आहे: नर्स म्हणजे सगळ्यांची बहीण, कोणाचीच बायको नाही. ज्या समजुतीने पुरुषाला रोखलं, तिनेच बाईलाही रोखलं.

नागरी क्षेत्रातही हा वाद चालू आहे. २०१९ मध्ये एम्सच्या केंद्रीय संस्था मंडळाने नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी, असं ठरवलं. त्याला पुरुष उमेदवारांनी आक्षेप घेतला. छत्तीसगडमध्ये तर सरकारी नर्सिंग कॉलेजातल्या शिक्षकांच्या काही पदांवर १०० टक्के आरक्षण स्त्रियांना होतं. तिथल्या हायकोर्टाने ते २०२३ मध्ये रद्द केलं. एएनएमचा कोर्स अजून फक्त मुलींसाठीच आहे.

इथे एक मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. स्त्री रुग्णाला अंग पुसून घेताना, कॅथेटर घालून घेताना बाईच हवी असं वाटू शकतं, आणि तिचा तो हक्क आहे. पण मग दोन गोष्टी विचारायला हव्यात. एक, पुरुष रुग्णांना हेच सगळं स्त्री नर्सेस रोज करतात. त्यांच्या संकोचाचा विचार कोणी केला? दोन, बाळंतपणाला पुरुष स्त्रीरोगतज्ज्ञ आपण चालवून घेतो. म्हणजे अडचण स्पर्शाची नाही. मोठ्या हुद्द्याचा पुरुष चालतो, 'बायकी' काम करणारा पुरुष चालत नाही, असं तर नाही ना? रुग्णाचा संकोच हा ड्यूटीचं वाटप नीट करून सोडवायचा प्रश्न आहे. भरतीच्या दारात तो सुटत नाही.

अमेरिकेत असाच खटला १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. मिसिसिपीतल्या जो होगन या पुरुष नर्सला पुढच्या शिक्षणासाठी स्त्रियांच्या विद्यापीठाने नर्सिंगला प्रवेश नाकारला. निकाल होगनच्या बाजूने लागला, आणि तो लिहिला त्या कोर्टाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांनी. पुरुषांना बाहेर ठेवण्याने स्त्रियांचं भलं होत नाही, उलट 'नर्सिंग म्हणजे बायकांचंच काम' हा शिक्का आणखी पक्का होतो, असा त्यांचा मुद्दा होता.

६. केईएम, १९७३

नर्सेसच्या असुरक्षिततेविषयी बोलताना अरुणा शानबाग यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात त्या नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने तळघरात त्यांच्यावर हल्ला आणि अत्याचार केला. कुत्र्याला बांधायच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, त्या त्याच हॉस्पिटलात अंथरुणाला खिळून होत्या. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षांची. बलात्काराचा आरोप लावलाच गेला नाही.

ही गोष्ट साहित्यातही आली. गुजरातीत हरकिसन मेहता यांनी त्यावरून 'जड चेतन' लिहिलं, इंग्रजीत पिंकी विराणी यांचं पुस्तक १९९८ मध्ये आलं, आणि मराठीत 'कथा अरुणाची' हे नाटक झालं. या सगळ्यामुळे लोकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलं: केईएमच्या नर्सेसनी एका सहकारीणीला चार दशकं बहिणीसारखं सांभाळलं. ते खरंच विलक्षण आहे. एवढी वर्षं अंथरुणावर असलेल्या रुग्णाला जपायला फक्त माया पुरत नाही. त्याला कसब लागतं, शिस्त लागते, पिढ्यानपिढ्या एकमेकींना काम शिकवत जावं लागतं.

पण दुसरं चित्र आपण विसरतो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या. अरुणासाठी योग्य उपचार आणि स्वतःसाठी कामाची सुरक्षित जागा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९८० च्या दशकात पालिकेने खाट रिकामी करण्यासाठी अरुणा यांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न केला, तेव्हाही नर्सेसनी विरोध केला आणि तो बेत सोडायला लावला. म्हणजे माया करणाऱ्या आणि संप करणाऱ्या बायका त्याच होत्या. आपल्याला पहिल्यांचं कौतुक करायला आवडतं, दुसऱ्यांविषयी मात्र 'रुग्णांना वाऱ्यावर सोडलं' असं पटकन बोललं जातं.

७. पगार आणि खुर्ची

२०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगारासाठी केंद्राला तज्ज्ञ समिती नेमायला सांगितलं. समितीच्या शिफारशी सोप्या होत्या. २०० पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार. १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २०,००० रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. आपल्या शहरातल्या गल्लीबोळातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या मुलीला विचारा, की हा आकडा तिने ऐकलाय का.

खुर्चीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या नर्सेसपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत. पण संपूर्ण आरोग्य क्षेत्र पाहिलं तर स्त्रिया सुमारे ७० टक्के आणि वरच्या पदांवर फक्त २५ टक्के, असं याच संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं होतं. क्रिस्टीन विल्यम्स या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: 'बायकांच्या' पेशात आलेले पुरुष बऱ्याचदा लवकर वर सरकतात, जणू त्यांच्यासाठी काचेचा सरकता जिना लावलेला असतो. म्हणजे पुरुष नर्सला समाजात टोमणे आणि हॉस्पिटलात बढती, असं दोन्ही एकाच वेळी घडू शकतं. म्हणून 'पुरुष नर्सेसवरचा अन्याय' आणि 'स्त्री नर्सेसवरचा अन्याय' हे एकमेकांविरुद्ध उभे करण्यात अर्थ नाही. नुसती पुरुषांची संख्या वाढवून समता येणार नाही. कामाची किंमतही वाढायला हवी.

८. सुरत, आपण आणि आपली भाषा

सप्टेंबर १९९४ च्या प्लेगची आठवण आपल्या आईवडिलांना आहे. लाखो लोक शहर सोडून गेले, अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद केले. नवी सिव्हिल मात्र चालू राहिली. वॉर्ड चालू राहतो म्हणजे कोणीतरी सलाईन बदलत असतं, ताप मोजत असतं. मार्च २०२० मध्ये आपण बाल्कनीत उभं राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. पण कित्येक नर्सेसना सोसायटीत, भाड्याच्या घरात त्याच काळात काय वागणूक मिळाली, तेही आपण बातम्यांत वाचलंय.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली. या भागांतल्या खानदेशी मराठी घरांतून आणि नवापूर, व्यारा बाजूच्या आदिवासी ख्रिस्ती घरांतून कितीतरी मुली नर्सिंगला जातात. मुलगी गेली तर 'सेवेचं काम आहे, देवाचं काम आहे' असं म्हणतात. मुलगा गेला तर 'कंपाउंडर होणार का?' असं विचारतात. माझ्या ओळखीतला एक जण जीएनएम करतोय. त्याच्या घरचे नातेवाइकांना 'मेडिकल लाइनमध्ये आहे' एवढंच सांगतात. खोटं काही नाही त्यात, पण 'नर्स' हा शब्द गिळला जातो. आणि ज्या मुलीच्या कामाला देवाचं काम म्हटलं, तिचं लग्न ठरवताना 'नाइट ड्यूटी बंद होईल ना?' हा प्रश्न येतोच.

'सेवा' हा सुंदर शब्द आहे. आपल्या श्रद्धेच्या मध्यभागी तो आहे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तिथून तो येतो. पण पाय धुणारा तिथे गुरू होता. सेवा वरच्याने खालच्याची केली, आणि ती स्वखुशीने केली. जो शब्द स्वतःसाठी निवडायचा असतो, तो दुसऱ्यावर लादला की त्याचा अर्थ बदलतो. आठ तासांची ड्यूटी बारा तास करून वर 'सेवा आहे ही' असं सांगणं, म्हणजे त्या शब्दाचा गैरवापर. शोमरोन्याची दोन नाणी आठवायची ती इथे.

म्हणून सगळ्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं. आपल्या लेखनात, बातम्यांत, नाटुकल्यांत 'परिचर्या' हा शब्द वापरू, ज्याला बाईपण किंवा पुरुषपण चिकटलेलं नाही. विनोदी नाटिकेत नर्सचं पात्र लिहिताना ते पात्र काय काम करतं, हे एकदा स्वतःला विचारू. आणि पॅरिशमध्ये १२ मे चा परिचारिका दिन साजरा होईल, तेव्हा गुलाबाच्या फुलाबरोबर दोन प्रश्नही विचारू: पगार वेळेवर होतो का, आणि रात्री घरी कशा जाता?

मंडळाच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. 'सिस्टर', 'ब्रदर', 'मावशी', 'मामा' या हाका बंद कराव्यात का? की हाका ठेवून कामाची किंमत वाढवता येईल? तुमच्या मते आधी काय बदलेल, शब्द की वागणूक?

२. वहिदा रहमान यांचा 'खामोशी' (१९६९) पाहा. त्यातल्या नर्सचं कसब आणि तिचं प्रेम यांत चित्रपट फरक करतो का? तिच्या जागी पुरुष नर्स असता, तर ही गोष्ट लिहिली गेली असती का?

३. स्त्री रुग्णाचा संकोच आणि पुरुष नर्सचा नोकरीचा हक्क, दोन्ही जपणारा नियम तुम्ही कसा लिहाल? पाच ओळींत लिहून आणा.

४. तुमच्या घरात, चाळीत किंवा पॅरिशमध्ये परिचर्येचं काम केलेली एक तरी व्यक्ती असेल. तिच्याशी अर्धा तास बोला. 'तुम्ही किती त्याग केला' हे विचारू नका. 'तुम्ही काय काय शिकलात' हे विचारा, आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहून आणा.